सोळा बाय सव्वीस : आमच्या अंगणाचे माप कसे ठरले

२०२२ च्या गणपतीनंतर आम्ही दोघे मुंबईचे बिऱ्हाड आवरून रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो. घराची कौले, वासे आणि ओटीचे जोते यांची डागडुजी आधीच करून घेतली होती. राहिले होते ते फक्त पुढचे अंगण. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या उमेदीच्या काळात दरवर्षी पाऊस संपला की अंगण नव्याने धरले जात असे : वरची माती खणायची, नवी माती टाकायची, पाणी मारून ती मुरवायची, चोपण्याने दोन-तीन दिवस चोपून घट्ट करायची आणि मग शेणाने सारवायची. हे काम करायला आता घरात माणसे नव्हती, मजुरीने ते मनासारखे होत नव्हते, आणि मला स्वतःला आठवड्याला एवढे मोठे अंगण सारवणे गुडघ्यांमुळे शक्य नव्हते. त्यामुळे फरसबंदी करायची हे एका संध्याकाळी ठरले. किती करायची हे ठरायला मात्र त्यानंतर सात महिने लागले, आणि ते सात महिने आम्ही घाई न करता दिले याचे मला आज फार समाधान आहे.

घराचे तोंड पूर्वेला आहे. ओटीच्या जोत्यापासून समोरच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, ३० फूट आणि दक्षिणोत्तर ४४ फूट अशी मोकळी जागा आहे. दक्षिणेला हापूसचे जुने कलम, उत्तरेला विहिरीकडे जाणारी वाट, आणि जोत्यापासून २२ फुटांवर, बरोबर दारासमोर, तुळशीवृंदावन. पहिल्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा त्यांनी टेप लावला, पाटीवर हिशेब केल्यासारखा तोंडीच हिशेब केला आणि सांगितले, “वहिनी, १३२० फूट होते. सव्वातेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) धरा. एकदाच सगळे करून टाका, म्हणजे मातीचा त्रास राहणार नाही.” मलाही तेच पटले होते. जागा आहे तेवढी फरशी घालायची, यात विचार करण्यासारखे काय आहे, असेच मला वाटत होते. यजमानांनी तर शहाबादी फरशीचा भावही विचारून ठेवला होता.

थांबवले ते पुण्यात वास्तुरचनेचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या पुतणीने. दिवाळीला ती आली तेव्हा मी तिला मोठ्या उत्साहाने सारी जागा दाखवली. ती म्हणाली, “काकू, जागा किती आहे ते राहू दे. तिथे तुम्ही काय काय करता ते आधी लिहून काढ. माप त्यातून निघेल.” शहरातील बंगल्यांच्या नकाशात घरालगतच्या ज्या फरसबंद मोकळ्या जागेला हल्ली पॅटिओ म्हणतात, तिचे माप ती कसे काढते हे तिने मला समजावले. सहा माणसांचे टेबल साधारण ५ फूट बाय ३ फूट असते. पण खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी प्रत्येक बाजूला आणखी अडीच ते तीन फूट लागतात, म्हणजे टेबलाने व्यापलेली जागा प्रत्यक्षात ९ बाय ११ फुटांची होते, आणि त्या भोवती कोणाला चालायचे असेल तर त्याहून मोठी. वस्तूचे माप आणि वस्तू वापरणाऱ्या माणसाचे माप यांतील हे अंतर मी आयुष्यभर स्वयंपाकघरात अनुभवत आले होते, पण अंगणाच्या बाबतीत ते कधी मनात आले नव्हते.

मी एका जुन्या वहीत लिहायला बसले. सकाळी चहा, संध्याकाळी चार-पाच खुर्च्या, सासूबाईंची आरामखुर्ची, एप्रिल-मेमधली वाळवणे, तुळशीचे लग्न, गणपतीतील भजन आणि पंगती, शिमग्याची पालखी, मे महिन्यात घरी येणारी नातवंडे. लिहिता लिहिता लक्षात आले की यांतील काही गोष्टी रोजच्या आहेत, काही महिन्या-दोन महिन्यांच्या आणि काही वर्षातून एकाच दिवसाच्या. आणि मी मनात जे मोठे अंगण धरून बसले होते ते त्या एका दिवसासाठी होते.

पुतणीने जाण्यापूर्वी फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, जमिनीवर एक चौकट आखून दिली : १२ फूट खोल (जोत्यापासून गडग्याच्या दिशेने), १४ फूट लांब (दक्षिणोत्तर). तिच्या मते आमच्या रोजच्या बैठकीला एवढी जागा पुरेशी होती. “ही आखलेली चौकट म्हणजेच फरशी, असे समजून महिनाभर वागा,” असे ती सांगून गेली. खुंट्या रोवून त्यांना सुतळी बांधली, की रात्री कोणी अडखळू नये म्हणून ती पुन्हा काढावी लागे. फक्कीची रेघ मात्र कोणाच्या पायात येत नाही. पुसली गेली की पुन्हा ओढायची, एवढेच.

पहिली चौकट आठवड्याभरात अपुरी ठरली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुळशीचे लग्न होते. वृंदावन चौकटीच्या बाहेर, लग्नाला आलेली तीसेक माणसे चौकटीच्या बाहेर, आणि चौकटीच्या आत फक्त आमच्या दोन रिकाम्या खुर्च्या आणि चपलांचा ढीग. अंगणाचे मर्म जिथे आहे तिथे आपण फरशी घालतच नाही आहोत, असे त्या संध्याकाळी मला तीव्रतेने वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या टोकाला गेले. वृंदावनाला पोटात घेणारी, २६ फूट खोल आणि ३६ फूट लांब अशी चौकट आम्ही आखली. ती ९३६ चौरस फूट झाली.

या मोठ्या चौकटीबरोबर आम्ही दीड महिना राहिलो, आणि तिने मला जे शिकवले ते कोणत्याही नकाशाने शिकवले नसते. खुर्च्या मध्यभागी मांडल्या तर त्या दारापासून इतक्या दूर पडत, की चहाचा कप घेऊन तिथे जाणे म्हणजे घराबाहेर पडण्यासारखे वाटे. सासूबाई काठी टेकत टेकत जेमतेम पाच-सहा पावले जात आणि म्हणत, “मला इथेच पायऱ्यांजवळ खुर्ची द्या. तिकडे बसले तर घरातले बोलणे ऐकू येत नाही.” बसणाऱ्याला पाठीशी काहीतरी आधार लागतो, भिंत असो, झाड असो वा ओटीचा कठडा असो. चारी बाजूंनी उघड्या जागेत मधोमध बसायला कोणालाच आवडत नाही, हे मी रोज पाहत होते.

सर्वांत खरी साक्ष दिली ती सारवणाने. दिवाळीपूर्वी सारे अंगण एकसारखे सारवून घेतले होते. डिसेंबरच्या अखेरीस पाहिले तर सारवण कुठे झिजले आहे आणि कुठे तसेच्या तसे आहे हे स्वच्छ दिसत होते. पायऱ्यांपासून गडग्याच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, एक पट्टा, विहिरीकडे जाणारा दुसरा, वृंदावनाभोवती प्रदक्षिणेचे कडे, आणि ओटीसमोर साधारण सोळा-सतरा फुटांपर्यंतचा एक मोठा, सलग झिजलेला भाग. आग्नेय आणि ईशान्येच्या कोपऱ्यांत सारवणाची बोटे अजून उमटलेली होती. तिथे दीड महिन्यात कोणाचे पाऊल पडले नव्हते. ज्या दोन कोपऱ्यांना आम्ही फरशी घालायला निघालो होतो ते आमच्या जगण्यात कुठेच नव्हते. कोणाला घरासमोर फरसबंदी करायची असेल तर आधी एकदा सारी जागा सारवून घ्यावी किंवा नुसती माती सारखी करून ठेवावी आणि दोन महिने थांबावे, असे मी आवर्जून सांगेन.

जानेवारीत सत्यनारायणाची पूजा केली, आणि तेव्हा मी पंगतीचे माप घेतले. टेबल-खुर्चीचा हिशेब पुतणीने दिला होता. पण आमच्या घरी पंधराहून अधिक माणसे जेवायची असली की पानेच मांडली जातात. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला रुंदीत २ फूट लागतात, यापेक्षा कमी दिले तर कोपर कोपराला लागते. पाठीपासून केळीच्या पानाच्या पुढच्या कडेपर्यंत साधारण ४ फूट होतात. समोरासमोरच्या दोन पंगतींमध्ये वाढणाऱ्याला भाताचे भांडे कमरेवर घेऊन वाकता यावे आणि समोरून आमटीवाला आला तरी दोघांना एकमेकांना ओलांडता यावे, यासाठी ३ फुटांची वाट हवी. जेवून उठणाऱ्याला पानांवरून न जाता मागून निघता यावे म्हणून दोन्ही पाठींमागे दीड-दीड फूट. ४ आणि ३ आणि ४ आणि ३, म्हणजे १४ फूट. यजमानांनी टेप धरला, मी वहीत आकडे लिहिले, आणि खोली १४ फुटांच्या खाली जाऊ द्यायची नाही हे पक्के झाले.

लांबीचा प्रश्न मात्र वेगळा होता, कारण लांबी ठरते ती एका वेळी किती माणसे बसवायची यावर. गणपतीत आमच्याकडे घरचीच चाळीस-पन्नास माणसे होतात. सगळ्यांना एका पंगतीत बसवायचे तर एका बाजूला पंचवीस, म्हणजे ५० फूट लांबी, आणि तेवढी जागाच नाही. दीर म्हणाले, “दोन पंगती कधी चुकल्या आहेत? बायका वाढतात आणि मग त्या बसतात, नाही तर पुरुष वाढतात.” मला वाटते, हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. आम्ही एका वेळी पंचवीस-सव्वीस माणसे धरली, म्हणजे बाजूला तेरा, म्हणजे २६ फूट. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाला पुरेल असे माप घेतले असते तर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आम्ही ते झाडत बसलो असतो. मोठ्या दिवशी फरशीपलीकडच्या मातीवर सतरंज्या पसरता येतात, फक्त फरशीची कड मातीच्या पातळीला असली पाहिजे. म्हणून कडेला उंचवटा नको, असेही तेव्हाच लिहून ठेवले. मिस्त्रींना चिऱ्याची उंच कड बांधायची हौस होती आणि ती दिसायलाही छान दिसली असती. पण एक वीत उंचीची कड अंगणाचे दोन तुकडे करते, आणि रात्री म्हाताऱ्या माणसाला पाडते.

मार्चमध्ये शिमगा आला. आमच्या गावच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, अंगणात नाचवली जाते, मग बसवली जाते आणि घरातील सवाष्णी ओटी भरतात. पालखी नाचवणारी माणसे ढोलाच्या ठेक्यावर गिरक्या घेत किती जागा व्यापतात हे मी त्या वर्षी प्रथमच मोजायच्या नजरेने पाहिले : वृंदावनाच्या दक्षिणेला सुमारे वीस फुटांचा घेर. सगळे अनवाणी होते. दुपारी बाराचे ऊन होते, आणि त्या ऊन खाल्लेल्या दगडावर त्यांना नाचावे लागले असते या कल्पनेनेच मी वृंदावनाच्या अलीकडे फरशी थांबवायचे ठरवले. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तुळस मातीतच असू दे. प्रदक्षिणा मातीवरच घालायची असते.” मोठ्या चौकटीला त्यांनी आधी विरोध केला नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा त्या वेळचा निवांतपणा पाहून, त्यांना ती आवडली नव्हती, हे मला कळले.

एप्रिलच्या शेवटी उन्हाचे माप घेतले. वाळवणांसाठी ऊन हवे, बसण्यासाठी सावली हवी, आणि आमचे घर पूर्वाभिमुख असल्याने दुपारनंतर घराची सावली अंगणावर सरकत येते. ती किती वाजता कुठे पोहोचते हे कळल्याशिवाय खोली ठरवणे म्हणजे अंधारात बाण मारणे होते. मी तासातासाला सावलीच्या कडेवर खुंटी ठोकली. तीन वाजता सावली जोत्यापासून ९ फुटांवर होती, चारला १३ फुटांवर आणि पाचला २१ फुटांवर. माध्यान्ही मात्र सावली जवळजवळ नसतेच. रत्नागिरीचा अक्षांश १७ अंशांच्या आसपास आहे, आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इथे सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. त्या वेळी कोणतीही भिंत सावली देत नाही, फक्त वरचे छप्पर देते.

त्या खुंट्यांनी वाळवणांची जागा दाखवून दिली. आमसुलांची साले रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात, आंबापोळीची ताटे तीन-चार दिवस कडक उन्हात राहावी लागतात, आणि दोन्ही कामे एकाच वेळी येतात. मला ६ बाय ४ फुटांच्या सहा चटया पसरायला हव्या असतात. तीन-तीनच्या दोन रांगा केल्या तर लांबीत १८ फूट आणि मधल्या फटी धरून २१ फूट होतात, खोलीत ४ आणि ४ आणि मधे पाय ठेवायला दीड फूट, म्हणजे साडेनऊ फूट. ही जागा जोत्यापासून ९ फुटांच्या पुढे हवी, म्हणजे तीन वाजेपर्यंत ऊन मिळते. नऊ अधिक साडेनऊ म्हणजे साडेअठरा. पंगतीचा आकडा आणि वाळवणाचा आकडा एकमेकांच्या जवळ येऊ लागले होते.

इथे मला आधी राहून गेलेली एक गोष्ट सांगायला हवी. पंगतीचे १४ फूट मी जोत्यापासून मोजले होते, आणि ती चूक होती. जोत्याला तीन पायऱ्या आहेत आणि त्या अंगणात ३ फूट पुढे येतात. शिवाय पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्या जोत्यापासून दोन-अडीच फुटांवर पडतात, आणि तिथे फरशी असेल तर पाणी आपटून जोत्यावर चिखलाचे शिंतोडे उडतात, ओल वर चढते. जुन्या माणसांनी पागोळीखाली नेहमी गोटे टाकलेले असत, ते उगाच नव्हे. म्हणून जोत्यालगतचा ३ फुटांचा पट्टा नदीतल्या गोट्यांचा ठेवायचा आणि फरशी त्यानंतर सुरू करायची असे ठरले. म्हणजे फरशीची खोली १४ नव्हे, तर पंगतीचे १४ आणि वर थोडी मोकळीक, अशी मोजायची. आणि तिची बाहेरची कड जोत्यापासून साडेअठरा फुटांच्या अलीकडे येऊ द्यायची नाही. हे सारे १६ फुटांत बसत होते : ३ अधिक १६, १९ फूट. त्यापुढे वृंदावनापर्यंत ३ फूट माती, प्रदक्षिणेसाठी.

तरीही मिस्त्रींचे म्हणणे होते की एवढ्यात आलोच आहोत तर गडग्यापर्यंत नेऊन टाकू. त्यांचे मत बदलले ते पाण्याच्या नळीने. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी लेव्हल काढली, तेव्हा गोट्यांच्या पट्ट्यापासून गडग्याखालच्या मोरीपर्यंत जमिनीला फक्त ५ इंचांचा उतार आहे असे निघाले. फरशीला फुटाला पाव इंच उतार द्यावा असे ते स्वतःच सांगत असत. १६ फुटांना ४ इंच लागतात, ते मिळत होते. गडग्यापर्यंतच्या २७ फुटांना पावणेसात इंच लागले असते, म्हणजे एकतर घराकडची बाजू भरून जोत्याची उंची कमी करायची किंवा मोरी खणून खाली न्यायची. मिस्त्री थोडा वेळ नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सोळाच बरे, वहिनी. पाणी आपले ऐकत नाही.”

पाण्याचा हिशेब मी आणखी पुढे नेला, कारण विहीर आमची एकमेव सोय आहे. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडणे ही जुलैत नवलाईची गोष्ट नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १३२० चौरस फूट म्हणजे सुमारे १२३ चौरस मीटर. सगळी फरशी केली असती तर अशा एका दिवसात बारा हजार लिटरहून अधिक पाणी मातीत न मुरता मोरीतून वाहून गेले असते. १६ बाय २६ चे ४१६ चौरस फूट, म्हणजे साडेअडतीस चौरस मीटर, म्हणजे चार हजार लिटरच्या आत. आणि तेही मोरीत जाण्यापूर्वी ११ फूट मातीवरून जाते.

लांबीत २६ फूट कुठे बसवायचे हे कलमाने ठरवले. ४४ पैकी १८ फूट उरत होते. ते दोन्हीकडे सारखे ठेवले असते तर चौकट दारासमोर नेटकी दिसली असती. पण दक्षिणेकडे चाचणीचा खड्डा घेतला तेव्हा कलमाची अंगठ्याएवढी मुळे फूटभर खोलीवरच सापडली. ती तोडून फरशी घालायची, म्हणजे साठ वर्षांच्या झाडाचे पाणी तोडायचे. म्हणून दक्षिणेला १२ फूट मोकळे ठेवले आणि उत्तरेला विहिरीच्या वाटेसाठी ६. फरशी दाराच्या मध्यापासून थोडी उत्तरेकडे सरकलेली आहे. प्रथम पाहणाऱ्याला ते जाणवते. आम्हाला आता जाणवत नाही.

फरशी २ बाय २ फुटांची घेतली, पॉलिश नसलेली, म्हणजे पाय घसरत नाही. खोलीत आठ आणि लांबीत तेरा, एकूण १०४ फरश्या, आणि एकही कापावी लागली नाही. माप काढताना वाळवणाच्या हिशेबाने खोली साडेपंधरा फूटही चालली असती; पण मग प्रत्येक ओळीत एक फरशी कापावी लागली असती, कापलेला तुकडा वाया गेला असता आणि कडेला अरुंद पट्टी दिसली असती. पूर्ण फरश्यांच्या पटीत माप धरावे ही मिस्त्रींची सूचना मला फार मोलाची वाटली. एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती : अर्धा-अर्धा इंचाचे सांधे. लांबीत बारा सांधे म्हणजे ६ इंच आणि खोलीत आठ फरश्यांमधील सात सांधे म्हणजे साडेतीन इंच अशी चौकट वाढली. आखलेल्या रेषेबाहेर फरशी जाते आहे हे दुसऱ्या दिवशी दिसले तेव्हा उत्तरेची वाट साडेपाच फुटांवर आणून आम्ही ते निभावले.

मांडवाचाही विचार मापात होता. इथे मिळणारे बांबू साधारण वीस फुटी असतात. १६ फुटांच्या खोलीवर ते दोन्हीकडे दोन-दोन फूट बाहेर काढून सरळ आडवे टाकता येतात, जोड द्यावा लागत नाही. खांबांसाठी फरशीच्या दोन्ही लांब कडांना, मातीत, लोखंडी पाइपचे तुकडे पुरून ठेवले आणि त्यांना झाकणे बसवली. फरशी झाल्यावर पहार मारून भोके पाडायची वेळ कोणावर येऊ नये.

काम मेच्या शेवटच्या पंधरवड्यात झाले. त्या वर्षी पाऊस उशिरा लागला, त्यामुळे सांधे वाळायला चांगला वेळ मिळाला. जुलैत मी छत्री घेऊन अंगणात उभी राहून पाणी कसे जाते ते पाहिले. फरशीवर कुठेही साचत नव्हते. मात्र ईशान्येच्या कोपऱ्यात, फरशी संपून माती सुरू होते तिथे, पाण्याने बोटभर खोल चर पाडली होती. तिथे नंतर जांभ्याचे तुकडे पसरले. गोट्यांचा पट्टा आपले काम करतो, पण वाऱ्याच्या दिवशी पागोळी तिरकी येते आणि पहिल्या ओळीतील फरश्यांवर पडते. ऑगस्टमध्ये त्याच ओळीवर शेवाळ धरले, आणि तेवढी एक ओळ दर आठवड्याला खराट्याने घासावी लागते. पट्टा साडेतीन-चार फुटांचा घेतला असता तर हे टळले असते.

१९ सप्टेंबरला गणपती आले. पहिल्या पंगतीला सव्वीस पाने मांडली, दुसऱ्या पंगतीला एकोणीस. मी मुद्दाम आमटीचे भांडे घेऊन मधल्या वाटेने गेले, समोरून जाऊबाई भात घेऊन येत होत्या, आणि आम्ही दोघी न थांबता एकमेकींना ओलांडून गेलो. भजनाला मात्र फरशी कमी पडली. तेव्हा मुलांनी सतरंज्या ओढून मातीवर नेल्या, आणि वृंदावनाभोवती माणसे बसली.

सासूबाईंची आरामखुर्ची आता दिवसभरात जागा बदलते. सकाळी ती पायऱ्यांजवळ असते. एप्रिलमध्ये तीन वाजता मी चटया उलटायला बाहेर येते तेव्हा ती गोट्यांच्या पट्ट्यालगत पहिल्या सावलीत असते आणि त्या तिथून माझ्या आमसुलांवर लक्ष ठेवतात. चारला त्या स्वतः उठून खुर्ची फरशीवरून दोन ओळी पुढे ढकलतात. फरशी सपाट असल्यामुळे ती सहज सरकते. पाच वाजता सावली फरशीच्या कडेपलीकडे दोन फूट गेलेली असते, आणि तेव्हा त्या खुर्ची मातीवर नेतात, वृंदावनाच्या अगदी जवळ, आणि दिवा लावेपर्यंत तिथेच बसतात.